रात्री दोन वाजता घरातलं माणूस बिथरलं तर: कोणाला फोन, कुठे न्यायचं, कसं न्यायचं?

रानवारा
फ्रिजच्या दारावर चिकटवता येईल असं एक पान करतोय. छातीत कळ आली तर काय करायचं हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण घरातलं कोणी चार रात्री झोपलेलं नाही, भिंतीशी भांडतंय, किंवा 'आता माझं काही राहिलं नाही' म्हणत खोलीचं दार लावून बसलंय, अशा वेळी पहिले दोन तास नातेवाइकांना फोन करण्यातच जातात. माझा कच्चा क्रम असा: आधी १४४१६ (टेलिमानस, सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन), मग ओळखीचे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांनी उचलला नाही तर १०८, आणि तिथून थेट ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. पोलीस शक्यतो नकोतच, असं माझं मत.

दोन प्रश्न. क्रम बरोबर आहे का? आणि माणूस गाडीत बसायलाच तयार नसेल तर?

अबोली
क्रम बदला. १४४१६ चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण तो सल्ल्याचा फोन आहे. 'आज रात्रीच न्यायचं की सकाळी ओपीडीत?' या प्रश्नासाठी उत्तम. काही गिळलं असेल, हातात कोयता असेल, गळ्याला काही बांधलं असेल, तर तिथे सल्ला विचारत बसायचं नाही. थेट १०८ किंवा ११२.

आणि 'थेट मनोरुग्णालय' खोडा. पहिला मुक्काम असं सार्वजनिक रुग्णालय जिथे कॅज्युअल्टीही आहे आणि मानसोपचार विभागही. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे. पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, संभाजीनगरला घाटी. बाकी जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर जिल्हा रुग्णालय. मनोरुग्णालयाच्या दारात ताप, जखम किंवा विषबाधेचा संशय असलेला माणूस नेलात, तर आधी शरीराचं बघून या म्हणून परत पाठवतात, आणि रात्रीचे तीन तास फुकट जातात.

लिंबूटिंबू
पॉपकॉर्न नाही, वही घेऊन बसलो आहे.

फार्माशास्त्री
अबोलीताईंच्या दुसऱ्या परिच्छेदाला +१००. 'वेड लागलं' म्हणून आणलेल्यांपैकी काहींच्या बाबतीत बिघाड शरीरात असतो. कसं ओळखायचं?

साठी-सत्तरीच्या माणसाचं एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालं, सकाळी बरा आणि संध्याकाळी भ्रमिष्ट असं खालीवर होतंय, दिवस कोणता नि घर कोणाचं ते कळत नाही, नसलेले किडे-माणसं दिसताहेत, सोबत ताप किंवा लघवीचा त्रास: हा बहुधा भ्रम, म्हणजे डॉक्टर ज्याला डेलिरियम म्हणतात तो. कारणं म्हणजे सोडियम उतरणं, साखर उतरणं, लघवीतला जंतुसंसर्ग, डोक्याला मार, नवीन सुरू झालेली औषधं. घरात ग्लुकोमीटर असेल तर गाडी येईपर्यंत साखर बघा.

दारू: रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात थरथर, घाम, ताप, भास. हे जिवावर बेततं. म्हणून कॅज्युअल्टीत 'शेवटचा प्याला कधी' हे तासात सांगा. लाजेपोटी 'कधीतरी घेतात हो' असं सांगितलं तर उपचार चुकीच्या दिशेला जातात.

लिथियम (मूडच्या आजारावरचं औषध) चालू असलेल्याला जुलाब, उलट्या, हात थरथरणं, झोकांड्या सुरू झाल्या तर रक्तातलं लिथियम तपासायलाच हवं. मनोविकारावरची औषधं चालू असताना अंग लाकडासारखं ताठ आणि सोबत भरपूर ताप, तर थेट अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय. इंजेक्शन दिल्यावर काही तासांनी मान वाकडी, डोळे वर चढलेले दिसले तर घाबरू नका. तो औषधाचा दुष्परिणाम आहे, दुसऱ्या इंजेक्शनने उतरतो. फक्त लगेच परत न्या, आणि 'लकवा मारला' म्हणून मालीशवाल्याकडे नको.

लिंबूटिंबू
म्हणजे डोकं फिरलंय की सोडियम फिरलंय, हे आधी बघायचं.

फार्माशास्त्री
@लिंबूटिंबू, विनोद म्हणून लिहिलंत, पण पानावर हेच वाक्य घालायला हरकत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
विषाचं वेगळं लिहा, आमच्या भागात तेच जास्त. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही. बेशुद्धीकडे चाललेल्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. फवारणीचं औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणपाण्याने अंग धुवा, ते कातडीतूनही आत जातं. धुणाऱ्याने हातात पिशव्या घालाव्यात. डबा किंवा पाकीट सोबत न्यायचं, नाहीतर निदान लेबलचा फोटो.

आणि एक फसवी गोष्ट. पॅरासिटामॉलच्या गोळ्या किंवा उंदराची पेस्ट पोटात गेली की पहिला दिवस माणूस ठणठणीत दिसतो. 'नाटक होतं, उतरलं' म्हणून घरचे झोपतात. यकृताचं नुकसान नंतर दिसायला लागतं. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण पहिल्या ८ तासांत सुरू झाला तर सगळ्यांत जास्त उपयोगी. म्हणून बरा दिसला तरी न्यायचाच. गळफासातून सोडवलेल्यालाही तेच, बोलत-चालत असला तरी. आतली सूज नंतर वाढते.

सदाशिव_पेठी
हे सगळं छान. पण मुळात २०१७ च्या कायद्याने घरच्यांचे हात बांधून ठेवलेत. रुग्णाची सही असल्याशिवाय कोणी भरती करून घेत नाही. ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नाही तो सही कशाला करेल? दिल्लीत बसून कायदे करणाऱ्यांना एक रात्र अशा घरात ठेवा.

कलमकसाई
पेठीसाहेब, राग समजतो, पण माहिती अर्धी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात दारं चार आहेत. रुग्णालयातलं कोणी एकाच दारावर बोट ठेवत असेल तर बाकीची आपण दाखवायची.

कलम ८६: माणूस स्वतः तयार आहे. त्याची सही, त्याच्या मर्जीने भरती.

कलम ८९: माणूस तयार नाही. इथे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे बहुतेक वेळा घरच्यांचाच. दोघांनी त्या दिवशी किंवा मागच्या ७ दिवसांत वेगवेगळं तपासलेलं हवं. एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा साधा वैद्यकीय डॉक्टर. अट अशी की अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, दुसऱ्याशी हिंसक वागला किंवा दुसऱ्याला भीती वाटावी असं वागला, किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही म्हणून त्याला इजा होण्याचा धोका आहे. तिघांतलं एक पुरे. मुदत ३० दिवसांपर्यंत. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७ दिवसांत कळवावं लागतं, स्त्री रुग्ण असेल तर ३ दिवसांत. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर कलम ९०.

कलम ९४: खरी आणीबाणी. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कुठेही, अगदी तुमच्या दिवाणखान्यातही, तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ही सवलत ७२ तास, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंत, जे आधी होईल ते. रुग्णाला तपासणीसाठी तिथे नेणंही यातच येतं. शॉक मात्र या कलमाखाली देता येत नाही.

चौथं दार पोलीस आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचं. त्यावर नंतर.

सदाशिव_पेठी
कागदावर सगळं असतंच. रात्री दोनला दुसरा तज्ज्ञ कुठून आणायचा?

कलमकसाई
दुसरा तज्ज्ञच हवा असं नाही, वर लिहिलंय. ड्यूटीवरचा वैद्यकीय अधिकारी चालतो. आणि मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येणार असतील तर मधली रात्र ९४ मध्ये बसते. 'तज्ज्ञ नाहीत, सकाळी या' असं सांगून दारातून परत पाठवणं त्यात बसत नाही. खाट नाही म्हणाले तर शांतपणे एवढंच म्हणा: 'तपासून, पहिला उपचार देऊन, रेफर चिठ्ठीवर कारण लिहून द्या.' लिहायची वेळ आली की बरेचदा खाट सापडते.

अबोली
पेठीसाहेबांच्या तक्रारीत एक खरी अडचण आहे. घरी भांडी फोडणारा माणूस डॉक्टरसमोर एकदम शहाण्यासारखा बोलतो. पंधरा मिनिटं तो सांभाळून घेऊ शकतो. म्हणून कागद हवा. घरात शांतता असताना एक पान लिहून ठेवा: चालू औषधं डोससह आणि शेवटची गोळी कधी घेतली ती तारीख, मागच्या भरती, साखर-थायरॉइड-फिट, ॲलर्जी, व्यसन. त्या रात्री फक्त वरचा भाग भरायचा: गेल्या ७ रात्री किती तास झोप, शेवटचं नीट जेवण कधी, आणि तो नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत. 'खूप टेन्शनमध्ये आहे' हे लिहू नका, त्यावर कोणी भरती करत नाही. 'शेजारी गॅस सोडतात म्हणून त्यांना सोडणार नाही, असं काल तीनदा म्हणाला, उशाखाली सुरी ठेवली' असं लिहा. कलम ८९ ची अट याच वाक्याने पुरी होते.

डॉक्टर 'गोपनीयता' म्हणत बोलायला तयार नसतील तर सांगा, मला काही विचारायचं नाही, सांगायचं आहे. ऐकून घ्यायला गोपनीयता आड येत नाही. अर्ध्या मिनिटाची मोबाइल चित्रफीत चालते, पण फक्त डॉक्टरला दाखवायला. 'मामाकडचे' गटावर गेली की त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या चित्रफितीखाली जातं.

ठाणेदार_नाही_ठाणेकर
पोलिसांबद्दल. रानवारा, 'नकोतच' हे चुकतंय. कलम १०० नुसार पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे की हद्दीतला जो माणूस मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका आहे असं वाटतं, त्याला संरक्षणात घ्यायचं. रस्त्यावर भटकणाराच हवा असं नाही, घरातलाही चालतो. २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक रुग्णालयात तपासणीला न्यायचं. कोठडीत ठेवता येत नाही. 'घरगुती मामला आहे' असं उत्तर मिळालं तर आवाज न चढवता कलमाचा आकडा सांगा. आणि ११२ ला काय सांगता त्यावर गाडीत कोण येतं ते ठरतं. 'मारामारी चालू आहे' म्हणू नका. 'मानसिक आजाराचा रुग्ण आहे, जिवाला धोका आहे, हत्यार नाही' किंवा 'आहे' असं स्पष्ट सांगा, आणि साध्या वेशातले लोक पाठवता येतील का ते विचारा. हत्यार नसताना चार गणवेश दारात दिसले की संशयाच्या आजारात माणसाला आपलंच म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं.

आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर 'केस होईल' या भीतीने लपवू नका. कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं कलम ३०९ नाहीच. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, उपचार थांबत नाहीत.

लिंबूटिंबू
अवांतर: 'याला ठाण्याला पाठवा' या विनोदावर ठाणेकरांचं अधिकृत मत?

ठाणेदार_नाही_ठाणेकर
आमचं मनोरुग्णालय सुरू झालं त्या १९०१ पासून ऐकतोय आम्ही. पुण्यात 'येरवडा' म्हटल्यावर तुरुंग की दवाखाना असा पर्याय तरी असतो. विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी. रत्नागिरीवाल्यांना निदान आंबे आहेत.

कोकणी_मेवा
आंब्यावर येऊ नका. सावंतवाडी-बांद्याकडच्यांना रत्नागिरीपेक्षा गोव्याचं बांबोळी जवळ. मानसोपचार संस्था आणि गोवा मेडिकल कॉलेज तिथे जवळजवळच आहेत, त्यामुळे शरीराचं आणि मनाचं एकाच फेरीत होतं. गोव्याबाहेरच्यांना शुल्काचे नियम वेगळे असतात, आधार आणि थोडी रोकड ठेवा.

निमपाटील
व्यसनमुक्ती केंद्रांची 'घरून उचलून नेऊ' सेवा कोणी सुचवली नाही म्हणून आधीच सांगतो. तिघं धटिंगण येतात, दोरीने बांधतात, गाडीत टाकतात, महिनाभर भेटू देत नाहीत. असं केंद्रही या कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यात किती दिवस, रात्री डॉक्टर कोण, हे तीन प्रश्न फोनवरच विचारा. साखळीने बांधणं कलम ९५ ने कोणत्याही कारणासाठी बंद आहे. रुग्णालयात आवर घालायचा तरी दुसरा काहीच इलाज नसताना, तज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करूनच.

सदाशिव_पेठी
आणि गोळी जेवणात मिसळून द्यायची? निम्मा महाराष्ट्र तेच करतो. आमटीतून दिलेल्या औषधावर वर्षानुवर्षं टिकलेली घरं आहेत.

फार्माशास्त्री
आहेत. आणि उघडकीला आल्यावर जेवण टाकलेले रुग्णही आहेत. 'माझ्या अन्नात काहीतरी घालतात' हा संशय असलेल्याच्या अन्नात तुम्ही खरोखर काहीतरी घालता. पकडलं गेलं की त्यानंतर तो कोणाच्याच हातचं खात नाही. शिवाय अर्धी आमटी उरली तर अर्धा डोस, भाऊ जेवला तर भावाला डोस. थेंबाच्या स्वरूपातलं रिस्पेरिडोन (भास-संशयावरचं औषध) चहाबरोबर चालत नाही असं त्याच्याच माहितीपत्रकात असतं, आणि आपल्याकडे तर ते चहातच जातं. आणीबाणीच्या रात्री तर अजिबात नको. रुग्णालयात इंजेक्शन देणाऱ्याला पोटात आधीच काय गेलंय ते कळत नाही. त्यापेक्षा जिभेवर विरघळणारी गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन, याबद्दल रुग्णासमोरच डॉक्टरला विचारा.

सदाशिव_पेठी
तत्त्वतः मान्य. व्यवहारात नाही.

मुक्काम_सॅनहोजे
इथे अमेरिकेत ९११ (आणीबाणीचा फोन) आणि ९८८ (मानसिक संकटाचा फोन) आहे, पण आई-वडील पुण्यात असले की त्याचा काय उपयोग. परदेशस्थांनी काय तयारी ठेवावी?

कलमकसाई
कलम १४. तुमच्या आईने शुद्धीत असताना साध्या कागदावर प्रतिनिधीचं नाव लिहून सही किंवा अंगठा द्यायचा. प्रतिनिधीची लेखी तयारी हवी. मुद्रांक लागत नाही. तो अठरा पूर्ण केलेला आणि, कायद्यात लिहिलेलं नसलं तरी, अर्ध्या तासात दारात पोचणारा हवा. शेजारच्या काकू चालतील, कॅलिफोर्नियातला मुलगा नको. असा कागद नसेल तर आधी नातेवाईक, मग काळजी घेणारा, असा क्रम लागतो, आणि रात्री कॅज्युअल्टीत दोन चुलते 'मी नातेवाईक' म्हणून भांडतात.

विमा: कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. मात्र ते बहुतेक भरतीपुरतं असतं, ओपीडीच्या गोळ्यांना नाही.

अबोली
दोन-तीन प्रकार सुटलेत. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडालेली, बाळाबद्दल भलतंच बोलणारी बाई: हे 'बाहेरचं' नाही आणि 'दूध कमी म्हणून रडते' हेही नाही. त्याच दिवशी रुग्णालय. तोवर बाळ तिच्यापाशी एकटं ठेवायचं नाही, पण हिसकावूनही घ्यायचं नाही. दुसरं, गप्प झालेला माणूस. बोलत नाही, खात नाही, दिलेल्या अवस्थेत हात तसाच धरून ठेवतो. त्रास देत नाही म्हणून घरचे आठवडाभर थांबतात, तोवर पाणी कमी पडून मूत्रपिंडावर येतं. तिसरं, अठराखालचं मूल. त्याला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही आणि सोबत घरचं माणूस राहायलाच हवं. मुलगी असेल तर बाईमाणूस.

रानवारा
पान आता वहीएवढं झालंय. पण माझा दुसरा प्रश्न तसाच लटकलाय. माणूस यायला तयार नाही. दार आतून बंद.

अबोली
बोलायला एकच माणूस. ज्याच्याशी त्याचं सगळ्यांत कमी भांडण आहे तो, वयाने मोठा तो नव्हे. बाकीचे नजरेआड, टीव्ही बंद, शेजारी खाली. भासांवर वाद घालायचा नाही, हो-ला-होही करायचं नाही. 'मला तो आवाज येत नाही, पण तुला येतोय आणि तू घाबरलायस, हे दिसतंय.' मरावंसं वाटतंय का, हे सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात येते हा गैरसमज आहे. उलट उत्तरावरून वेळ किती आहे ते कळतं. मग जे त्याला स्वतःला खुपतंय त्याचं कारण द्या: 'चार रात्री झोप नाही, झोपेचं औषध घेऊन येऊ.' 'तू वेडा झालायस, चल' याने कोणी आजवर गाडीत बसलेलं नाही. 'लग्नाला जाऊ' म्हणून नेणंही नको, पुढच्या वेळी ते तुमच्यासोबत खऱ्या लग्नालाही येत नाहीत. दोन खरे पर्याय द्या: रिक्षा की गाडी, सोबत ताई की मामा.

गाडीत त्याला चालकाच्या मागे बसवू नका. मागे मध्ये तो, दोन्ही बाजूंना एकेक, मुलांसाठीचं कुलूप लावलेलं. बराच वेळ असं बोलूनही हलत नसेल आणि धोका असेल तर १०८ आणि ११२, दोन्ही. धरायची वेळ आलीच तर छातीवर-पाठीवर बसायचं नाही, पालथा दाबून धरायचा नाही. श्वास कोंडून माणूस जातो.

वऱ्हाडी_ठेचा
दार तोडून आत गेल्यावर कोणी लटकलेलं दिसलं तर एकाने पाय धरून वजन उचलायचं, दुसऱ्याने दोर गाठीच्या वर कापायचा, मान सरळ ठेवून खाली घ्यायचं, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात. पंचनाम्याची वाट बघत कोणी तसंच ठेवत नाही ना, हे लिहावं लागतं म्हणून लिहिलं.

कलमकसाई
घरी आणतानाचंही एक. स्वतःच्या सहीने भरती झालेल्याने सोडा म्हटलं तर सोडावं लागतं, फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. म्हणजे 'निदान महिनाभर तरी ठेवतील' हे गृहीत धरून गावाला जाऊ नका. घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक. औषधाची पट्टी एका वेळी आठवड्याचीच बाहेर, बाकी कुलपात. फवारणीचं औषध तर शेजाऱ्याच्या गोठ्यात.

सदाशिव_पेठी
आणि आतल्या कड्या काढा. झोपण्याच्या खोलीची आणि न्हाणीघराचीही. बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारं लॅच मिळतं, ते बसवा. एवढं आधी केलं असतं तर वरचं निम्मं बोलणं लागलंच नसतं.

रानवारा
पेठीसाहेब, पानावर पहिली ओळ तुमचीच घेतो. सुतार लागेल का?

सदाशिव_पेठी
चार स्क्रू असतात. सुतार कशाला? फक्त स्क्रूड्रायव्हर काम झाल्यावर तिथेच खिडकीत ठेवून येऊ नका.